संगणकालाही देखभालीची वही हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

करवीर तालुक्यातील एका दूध संस्थेचा सचिव म्हणून मी सव्वीस वर्षे काम केले. निवृत्तीनंतर आता कोल्हापुरात मुलाकडे राहतो. परंतु संस्थेचे दहा दिवसांचे बिल काढण्याच्या वेळी अजूनही गावी जातो, आणि आसपासच्या चार-पाच संस्थांचे सचिवही अडचण आली की बोलावून घेतात. गेल्या काही महिन्यांत या सर्व ठिकाणी एकच चर्चा कानावर येते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, तेव्हा आता जुने संगणक भंगारात घालून नवे घ्यावेत, असे काही संचालकांचे म्हणणे आहे. उरलेले म्हणतात की इतकी वर्षे चालला आहे, चालतोय तोवर त्याला हात लावू नका. या दोन्ही मतांशी मी सहमत नाही, कारण पहिल्यात दूध उत्पादकांच्या पैशाचा आणि दुसऱ्यात त्यांच्या हिशेबाचा विचार पुरेसा झालेला नाही.

दूध संस्थेतला संगणक जुना का राहतो, हे शहरातल्या वाचकांना थोडे सांगायला हवे. पहाटे आणि संध्याकाळी त्याच्यासमोर किटल्या घेऊन रांग लागते. काट्यावरचे वजन आणि फॅट मशीनवरचे फॅट व एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) थेट त्याच्यात उतरते आणि उत्पादकाच्या हातात पावती पडते. काटा आणि मशीन ज्या नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टला जोडलेले असतात, तो पोर्ट आताच्या बहुतेक नव्या संगणकांवर नसतो. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतो, पण त्याचा ड्रायव्हर (उपकरण विंडोजशी जोडून देणारा छोटा प्रोग्राम) आणि संकलनाचा प्रोग्राम यांचे जुळले नाही तर पहाटेची रांग तशीच थांबते. शिवाय हा प्रोग्राम ज्या काळच्या विंडोजसाठी लिहिला गेला त्याच विंडोजवर तो खात्रीने चालतो, आणि तो लिहून देणारा माणूस पुष्कळदा तो व्यवसाय सोडून गेलेला असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत किंवा शाहूपुरीतल्या छापखान्यांत एखाद्या विशिष्ट यंत्रासाठी किंवा जुन्या फाँटमधल्या मजकुरासाठी जुना संगणक सांभाळून ठेवावा लागतो, तसाच हा प्रकार आहे.

आमच्या संस्थेचा संगणक २०१२ साली विंडोज ७ सह घेतलेला. २९ जुलै २०१६ पर्यंत विंडोज १० मोफत मिळत होते, त्या मुदतीत आम्ही ते घेतले. पुढे दोन वर्षांत तो इतका संथ झाला की बटण दाबल्यापासून पहिली पावती निघेपर्यंत उत्पादकांचा चहा होऊन जाई. तंत्रज्ञाला बोलावले. त्याने पाहिले आणि ‘फॉरमॅट मारावा लागेल, बॅकअप आहे ना?’ असे विचारले. फॉरमॅट म्हणजे डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवणे. आम्ही आहे म्हणून सांगितले, कारण भिंतीवरच्या खिळ्याला पेन ड्राइव्ह लटकत होता. फॉरमॅट झाला, संगणक नव्यासारखा पळू लागला आणि मग लक्षात आले की त्या पेन ड्राइव्हवरची शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची होती. दिवाळीचा दूध फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावर उत्पादकांना द्यायची जादा रक्कम, जवळ आला होता आणि फरक काढायचा म्हणजे वर्षभराच्या प्रत्येक लिटरची नोंद हवी. आम्ही सहा जण अकरा रात्री बसून उत्पादकांच्या पासबुकांवरून आणि पावत्यांच्या स्थळप्रतींवरून आठ महिन्यांचे संकलन पुन्हा भरत होतो. तंत्रज्ञाला दोष देण्याची इच्छा अनेकांना झाली. मला तो देता आला नाही. त्याने विचारले होते आणि आम्ही न पाहता उत्तर दिले होते. त्या दिवाळीनंतर मी संगणकाची देखभाल-वही सुरू केली, आणि या पत्राचे कारण तीच वही आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम जुनी होते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्यात माझा बराच काळ गेला. लोखंड गंजते, पट्टा झिजतो, तसा प्रोग्राम झिजत नाही. २०१६ साली जी विंडोज बसवली तिच्या मूळ फायली आजही तशाच राहू शकतात. बदलते ते तिच्या भोवतीचे सगळे. प्रत्येक नवा प्रिंटर, प्रत्येक ब्राउझर, कोणी कधीतरी बसवलेले व्हिडिओचे सॉफ्टवेअर, यांतला प्रत्येक जण संगणक सुरू होतानाच आपला एकेक सेवक मेमरीत बसवून ठेवतो. सी ड्राइव्ह भरत जातो आणि मग विंडोजला तात्पुरत्या फायली ठेवायला किंवा मेमरी कमी पडल्यावर डिस्कवर पसरायला जागा राहत नाही. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून माहिती वाचणारा हात असतो. फाइलचे तुकडे तबकडीवर विखुरले की त्या हाताची धावपळ वाढते, आणि काही जागा खराब झाल्या की तो तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत राहतो. पंखा धुळीने भरला की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. ही सारी कारणे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. फॉरमॅट हा यांतल्या काहींचाच उपाय आहे आणि तापलेल्या प्रोसेसरला तर त्याचा काडीचाही उपयोग नाही.

वहीतले पहिले कलम मला सर्वांत उशिरा कळले. आम्ही रोज रात्री संगणक बंद करत होतो, म्हणजे तो रोज ताजा सुरू होतो अशी आमची समजूत होती. एकदा टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्स या पानावर अप टाइम पाहिला तर एकवीस दिवस दिसले. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आलेली आहे. शट डाउन केले की वापरणाऱ्याचे काम बंद होते, पण ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा मेमरीत उतरवली जाते. त्यामुळे संगणक लवकर उघडतो, पण ड्रायव्हरमध्ये साचलेला बिघाडही तसाच परत येतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सर्व काही खरोखर नव्याने सुरू होते. म्हणून दर शनिवारी संध्याकाळचे संकलन संपले की रीस्टार्ट करायचे आणि वहीत सही करायची, असा नियम आम्ही केला. फॅट मशीनचे आकडे मध्येच यायचे थांबतात ही तक्रार त्यानंतर फार कमी झाली.

महिन्यातून एकदा टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर जाऊन, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींपैकी संस्थेला नको असलेल्या बंद करायच्या. ज्याचे नाव ओळखता येत नाही ते तसेच ठेवून जाणकाराला विचारायचे. त्याच दिवशी डिस्क क्लीनअप चालवून तात्पुरत्या फायली काढायच्या आणि सी ड्राइव्हचा पाचवा हिस्सा तरी मोकळा आहे का ते पाहून आकडा लिहायचा. विंडोजच्या फोल्डरमध्ये शिरून स्वतःच्या हाताने फायली पुसण्याचे धाडस कोणी करू नये, कारण तिथले मोठे दिसणारे फोल्डर निरुपयोगी असतातच असे नाही. हार्ड डिस्क असेल तर डीफ्रॅगमेंट, म्हणजे फाइलचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणे, उपयोगी पडते. एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क, असेल तर ते करू नये, तिथे हलणारा हातच नसतो आणि अनावश्यक लिखाणाने तिचे आयुष्य कमी होते. विंडोज १० हा फरक ओळखून योग्य ती कृती ठरल्या वेळी स्वतःच करते. आमच्या संगणकाला २०१९ साली एसएसडी बसवली आणि मेमरी ४ जीबीची ८ जीबी केली, आणि मला प्रामाणिकपणे सांगायला हवे की वेगात सर्वांत मोठा फरक त्या एका खर्चाने पडला. नव्या संगणकाच्या किमतीचा तो लहानसा भाग होता.

वेग वाढवून देतो म्हणणारे मोफत सॉफ्टवेअर आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची अंतर्गत नोंदवही) साफ करणारी साधने यांच्यापासून संस्थांनी दूर राहावे. संगणकात शेकडो दोष सापडले आहेत असा लाल फलक दाखवून ती घाबरवतात. रजिस्ट्री साफ करणाऱ्या अशा साधनांना आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केलेले आहे. दोन अँटिव्हायरस एकत्र बसवण्याचाही तोटाच होतो.

धुळीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण दूध संस्थांची धूळ वेगळी असते. बहुतेक संस्थांत संगणकाच्या शेजारच्याच खोलीत, कधी त्याच खोलीत, पशुखाद्याची पोती रचलेली असतात. सरकी पेंड आणि भुशाचा भुगा पंख्यातून आत ओढला जातो, पावसाळ्यात त्याला ओल लागते आणि प्रोसेसरवरच्या पंख्याखाली त्याचा थर बसतो. एका संस्थेत संगणक दर अर्ध्या तासाने बंद पडत होता आणि विंडोज बदलायचे ठरले होते. सीपीयूची पेटी उघडली तेव्हा पंख्याच्या पात्यांच्या मागे बोटभर जाड थर निघाला. वायर काढून, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारला, मेमरीच्या पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने पुसले आणि तोच संगणक तीच विंडोज घेऊन दिवसभर चालला. पश्चिमेकडच्या राधानगरी, पन्हाळा, गगनबावडा भागात पावसाळ्यातली ओल इतकी असते की मेमरी आणि सॉकेट यांच्यातला संपर्क बिघडून संगणक नुसता बीप वाजवत राहतो. संगणक गरम असतानाच त्यावर प्लास्टिकचे कव्हर घालण्याची सवय याला भर घालते. तो निवल्यावरच झाकावा.

आपल्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. उद्यमनगरात लेथ धुऊन-पुसून, तेल घालून मग तिला झेंडूची माळ घालतात. संस्थेत आम्हीही संगणकाला हळद-कुंकू वाहतो, पण त्याची पेटी कोणी उघडत नाही. आमच्या वहीत वर्षाची मोठी सफाई खंडेनवमीच्या आदल्या दिवशी लिहिलेली आहे. पाऊस ओसरलेला असतो, दिवाळीच्या फरकाचे काम सुरू व्हायला थोडे दिवस असतात, आणि पूजेसाठी खोली आवरायची असतेच.

त्याच दिवशी आम्ही मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेलही तपासतो. या सेलवर संगणकाचे घड्याळ चालते. एका पहाटे लाईट गेलेली, यूपीएसची बॅटरी उतरलेली, आणि लाईट आल्यावर संगणक सुरू केला तर त्याने १ जानेवारी २०१२ ही तारीख घेतली. इंटरनेट असते तर विंडोजने ती दुरुस्त केली असती. आमचा संगणक इंटरनेटला जोडलेला नव्हता. घाईत कोणाच्या लक्षात आले नाही आणि वीसेक पावत्या त्याच तारखेच्या निघाल्या. शेवटी एका मावशींनी रांगेतून परत येऊन ‘सेक्रेटरी, ही तारीख कसली म्हणायची?’ असे विचारले, तेव्हा संकलन थांबवले. सीआर २०३२ हा सेल कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो आणि त्याची किंमत किरकोळ असते. पण त्याच्यामुळे त्या वीस उत्पादकांचे त्या पहाटेचे दूध बिलातून गळाले असते. दर तीन वर्षांनी तो बदलायचा, चालू असला तरी बदलायचा, असे वहीत लिहिले आहे.

बॅकअपविषयी मी जे शिकलो ते महाग पडले, म्हणून ते थोडे ठामपणे मांडतो. ज्या बॅकअपमधून एकदा तरी माहिती परत उतरवून पाहिलेली नाही, त्याला बॅकअप म्हणू नये. आमच्याकडे आता दर बिलाच्या दिवशी दोन पेन ड्राइव्हवर प्रत निघते, एक कपाटात राहते आणि दुसरी अध्यक्षांच्या घरी जाते. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या संगणकावर ती प्रत उघडून मागच्या बिलाची एकूण रक्कम छापील बिलाशी ताडून पाहतो. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत असावी हा आग्रह २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतरचा आहे. पंचगंगेच्या त्या पाण्यात नदीकाठच्या एका संस्थेने धावपळ करून संगणक माडीवर नेला आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह मात्र खालच्या ड्रॉवरमध्येच राहिला. संगणक वाचला म्हणून निभावले. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आले तेव्हा त्यांची एक प्रत आधीच वरच्या आळीत गेलेली होती.

आता पाठिंबा संपण्याच्या प्रश्नाकडे येतो, कारण संचालकांची काळजी खरी आहे आणि वर सांगितलेल्या कोणत्याही साफसफाईने ती दूर होत नाही. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्र झालेली असताना, विंडोजमध्ये सापडलेल्या त्रुटींवरच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते. पाठिंबा संपला म्हणजे संगणक बंद पडत नाही, पण त्यापुढे सापडणाऱ्या त्रुटी उघड्या राहतात. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेहून अधिक देशांत संगणकांवरच्या फायली कुलूपबंद केल्या आणि ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयेसुद्धा त्यात सापडली. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, उपलब्ध झाली होती. बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ चे होते आणि त्या वेळी विंडोज ७ ला पाठिंबा सुरू होता. दुरुस्ती दारात आलेली असताना ती आत घेतली गेली नव्हती. म्हणून ज्या संस्थांचे संगणक अजून पाठिंब्यात आहेत त्यांनी अपडेट बंद करून ठेवण्याची सवय आधी सोडावी. संकलनाच्या वेळी अपडेट मध्येच सुरू होते ही अडचण खरी आहे. त्यासाठी सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’, म्हणजे ज्या वेळात अपडेटसाठी संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ नये ते तास, ठरवता येतात.

विंडोज १० च्या संगणकांसाठी मार्ग आहेत, आणि प्रत्येक संगणकाचा मार्ग त्याच्या कामावरून ठरवावा. ज्याचा प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा आहे आणि ज्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आहे, तो विंडोज ११ वर जाऊ शकतो. त्याला भंगारात काढणे हा निव्वळ अपव्यय आहे. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्यांची मुदतवाढ जाहीर केली. संस्थांसाठीची मुदतवाढ जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, पण तिचे शुल्क दरवर्षी दुप्पट होते, त्यामुळे लहान संस्थेने हिशेब करूनच ती घ्यावी. ज्या जुन्या संगणकावर फक्त पत्रव्यवहार, ईमेल आणि संकेतस्थळे पाहणे एवढेच होते, त्यावर लिनक्स मिंटसारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवता येते. युनिकोड मराठी त्यावर व्यवस्थित लिहिता-वाचता येते. आणि आमच्यासारख्या संकलनाच्या संगणकाला इंटरनेटची गरजच नसेल, तर त्याची जोडणी काढून टाकावी, वाय-फायही बंद करावे. त्याच्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. त्यासाठी पाठिंब्यातला दुसरा संगणक ठेवावा. मग धोक्याचे मुख्य दार उरते ते पेन ड्राइव्हचे, आणि कोणताही पेन ड्राइव्ह आधी त्या दुसऱ्या संगणकावर तपासल्याशिवाय इकडे लावायचा नाही, हे वहीच्या मुखपृष्ठावरच लिहावे.

वजनकाट्याची पडताळणी ठरल्या मुदतीत होते आणि तिचा दाखला भिंतीवर लावलेला असतो. दप्तराचे लेखापरीक्षण दरवर्षी होते. ज्या यंत्रात तो काटा आणि ते दप्तर दोन्ही येऊन मिळतात, त्याच्याबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही. माझी सहकार क्षेत्रातील जाणत्यांना विनंती आहे की लेखापरीक्षणाच्या वेळी निदान दोन प्रश्न विचारले जावेत: शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे, आणि तो उघडून पाहिला का. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे गावोगाव होतात. त्यांतल्या संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांनी एक दिवस गावच्या दूध संस्थेसाठी आणि ग्रंथालयासाठी दिला, पेटी उघडून साफ केली आणि सचिवांना हे चार-सहा उपाय हाताला धरून शिकवले, तर मोठे काम होईल. हे शिकणे अवघड नाही. मी बावन्नाव्या वर्षी शिकलो, आणि आमच्या संस्थेत आता ही वही भरणारी मुलगी बारावीपर्यंतच शिकलेली आहे; मागच्या पावसाळ्यात एसएसडीवरच्या चुका वाढत असल्याचे तिनेच वेळेत ओळखले, आणि आम्ही डिस्क बदलली तेव्हा एकाही दिवसाचे संकलन गमावले नाही.

वहीची पाने अगदी साधी आहेत: तारीख, काय केले, सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी, बॅकअप कोणाकडे, सही. शेजारच्या तीन संस्थांनी त्यांच्या झेरॉक्स काढून नेल्या आहेत.

आपला नम्र,
दूध संस्थेचा एक निवृत्त सचिव
कोल्हापूर